मुलाच्या शहराची वीज आणि तुमच्या बिल्डिंगचे मीटर

पत्र : माझा मुलगा आणि सून अमेरिकेत मॅसेच्युसेट्समध्ये, बॉस्टनजवळच्या एका लहान शहरात राहतात. तिथली सिटी कौन्सिल सगळ्या रहिवाशांच्या वतीने वीज विकत घ्यायची का, यावर विचार करते आहे. ठराव झाला की घरोघरी पत्र येणार, आणि महिनाभरात ज्यांनी ‘नको’ कळवलं नाही ते सगळे आपोआप योजनेत. मुलाला हे पटलंय. मला मात्र न विचारता नाव घालणं ही बळजबरी वाटते. योगायोग म्हणजे इथे आमच्या ८४ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये रहवासी संघाने असंच काढलंय. सगळ्यांचे मीटर काढून एकच मोठं कनेक्शन घ्यायचं, घाऊक भावात स्वस्त पडेल म्हणे. मी मुलाकडचं बोलून दाखवलं, तर सेक्रेटरी म्हणाले, “बघा, अमेरिकाही आता हेच करतेय!” मुलाला काय सांगू? आणि इथे हात वर करू की नको? जाता जाता, आपलं नगर निगम मुलाच्या शहरासारखं का करत नाही?
— एक निवृत्त शिक्षिका, कनाडिया रोड, इंदूर

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. मुलाला सांगा, सभेला जा, काही प्रश्न विचार आणि उत्तरं बरी आली तर पाठिंबा दे. इथे बिल्डिंगच्या सभेत मात्र हात वर करू नका. सेक्रेटरींना ही दोन्ही प्रकरणं एकाच माळेतली वाटतात, पण तिकडचं शहर फक्त वीज विकत घेणार आहे. तुमचा संघ वीज विकत घेणार, वाटणार, बिल फाडणार आणि मनात आलं तर तोडणारही. तुमच्या पत्रातलं सगळं उत्तर या एका फरकात आहे.

मुलाला म्हणावं, मागच्या महिन्याच्या बिलाचा फोटो पाठव. त्यावर दोन भाग दिसतील, एक डिलिव्हरी आणि दुसरा सप्लाय. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, बर्फात फांदी पडली तर रात्री येणारी गाडी, हे सगळं डिलिव्हरीत येतं. जी वीज जळली तिची किंमत म्हणजे सप्लाय. आपल्याकडच्या बिलातही स्थिर आकार, ऊर्जा आकार, इंधन समायोजनाचा अधिभार, विद्युत शुल्क असं बरंच लिहिलेलं असतं, पण बिल देणारी कंपनी एकच, इंदूरच्या पोलो ग्राऊंडची सरकारी वीज कंपनी. (आमच्या पिढीच्या तोंडी अजून वीज ‘मंडळ’च.) मॅसेच्युसेट्सने १९९७ साली कायदा करून हे दोन भाग वेगळे केले. तारांची कंपनी तीच राहिली, पण तारेतून येणारी वीज कुणाकडून घ्यायची याची मुभा ग्राहकाला मिळाली. ज्याने काहीच निवडलं नाही त्याला तारांची कंपनीच बाजारातून वीज आणून देते. तिचा दर साधारण दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि हिवाळ्यात वीज बनवायचा गॅस महागला की तो कसा उडी मारतो ते तुमच्या सुनेला चांगलं ठाऊक असेल.

त्याच कायद्याने गावांना आणि शहरांनाही एक वाट करून दिली. एकट्या घराने बाजारात जाऊन काय घासाघीस करावी? शहराने सगळ्यांची मागणी एकत्र बांधून निविदा काढावी, म्हणजे एखाद-दोन वर्षांचा ठरलेला दर मिळेल. त्याच राज्यात केप कॉड या किनारी भागातल्या आणि शेजारच्या बेटावरच्या २१ गावांनी १९९७ मध्येच अशी मोट बांधली. बॉस्टनजवळच्या केंब्रिजने २०१७ मध्ये योजना सुरू केली, बॉस्टनने २०२१ मध्ये. म्हणजे मुलाचं शहर पायवाट पाडायला निघालेलं नाही, मळलेल्या रस्त्याने चाललं आहे. खांब-तारा जुन्याच कंपनीच्या राहतात, बिलही तिचंच येतं आणि लाईट गेले तर फोनही तिलाच करायचा. बिलातली फक्त सप्लायची ओळ बदलते.

आता तुमची बळजबरीची शंका. ती मला मनापासून पटली, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

‘ज्यांना हवं त्यांनी नाव नोंदवा’ असं म्हटलं, तर शंभरातली पाच-सात घरं येतात. आपल्याकडे उत्सव मंडळाच्या वर्गणीला येतात तशीच, जी नेहमी येतात तीच. तेवढ्यावर कुठला विक्रेता बरा दर देईल? म्हणून कायद्याने उलटं ठेवलं की सगळे आत, आणि ज्याला नको त्याने बाहेर पडावं. आज मुलाच्या घरी जी वीज येते तीही कुणी त्याला विचारून सुरू केलेली नाही. तो गप्प राहिला म्हणूनच ती येते. गप्प राहणाऱ्याच्या वतीने कुणी ना कुणी ठरवणारच आहे. आता ते काम तारांच्या कंपनीकडे आहे, उद्या निवडून दिलेल्या कौन्सिलकडे जाईल. कौन्सिलला निदान मतदानात जाब विचारता येतो.

पण गप्प राहणाऱ्याच्या वतीने ठरवणाऱ्यावर एक जबाबदारी येते, आणि ती मी फार कडक धरते. जो सभेला आला नाही, ज्याला इंग्रजी नीट वाचता येत नाही, ज्याने ते पत्र जाहिरात समजून कचऱ्यात टाकलं, त्याचं पुढे काय होतं? तिथल्या बहुतेक शहरांच्या योजनांत केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत. आपल्या शहराच्या आराखड्यात हे स्वच्छ लिहिलं आहे का, ते मुलाने बघावं. दंडाची किंवा मुदतीची एखादी ओळ आत लपलेली असेल तर पाठिंबा देऊ नये. पत्र किती भाषांत जाणार आहे हेही विचारावं. कमी उत्पन्नाच्या घरांना बिलात जी सवलत मिळते ती योजनेत गेल्यावरही चालू राहायला हवी, तेवढं कौन्सिलकडून सभेतच वदवून घ्यावं.

दुसरा प्रश्न भावाचा. ‘स्वस्त होईल’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मुलाने तिथेच सावध व्हावं. शिकागोचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथे नोव्हेंबर २०१२ मध्ये लोकांचं मत घेऊन शहराने साडेसात लाखांच्या आसपास ग्राहकांसाठी वीज घ्यायला सुरुवात केली. पहिले काही महिने चांगली बचत झाली, कारण नेहमीच्या कंपनीच्या गळ्यात जुने महाग करार होते. ते संपले, तिचा दर खाली आला आणि शहराचा फायदा वितळून गेला. २०१५ मध्ये शहराने योजना गुंडाळून सगळ्यांना पुन्हा जुन्या कंपनीकडे सोपवलं. ओहायोमध्ये २०२२ साली याच्या उलट झालं. बाजारभाव भडकले आणि अनेक गावांच्या मिळून चाललेल्या एका मोठ्या गटाने पाच लाखांहून जास्त ग्राहकांना मध्येच तारांच्या कंपन्यांच्या दरावर परत पाठवलं, कारण त्या वेळी तोच दर कमी होता. या दोन्ही ठिकाणी कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. पण ठरलेला दर म्हणजे कमी दर नव्हे. पुढचे चोवीस महिने बिल किती येईल याचा अंदाज मिळतो, ही त्याची खरी किंमत. ज्या घराचा पगार महिन्याच्या चौकटीत बसवलेला असतो त्याला तेवढंही पुष्कळ असतं.

म्हणून मुलाने विचारावं की करार किती महिन्यांचा, संपल्यावर काय, आणि तुलना कुणाच्या कुठल्या सहा महिन्यांच्या दराशी केली आहे. सल्लागाराचंही विचारावं. अशा योजना शहराचे कारकून चालवत नाहीत, त्यासाठी सल्लागार कंपनी असते आणि तिचा मोबदला युनिटमागेच कापला जातो, पुष्कळदा एका सेंटचा दहावा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हजारो घरांच्या युनिटांनी गुणलं की किरकोळ राहत नाही. ते उघड लिहिलेलं असलं म्हणजे झालं. महिन्याला ५०० युनिट जाळणाऱ्या घराला युनिटमागे एक सेंट फरक पडला तर ५ डॉलर होतात. एवढ्यासाठी एवढी यातायात, असं सून म्हणेल. पण हिवाळ्यात फरक एक सेंटचा राहत नाही.

एक धोका मात्र मुलाला आजच फोनवर सांगा. शहराची योजना वेगळी आणि दारावर येऊन ‘बिल दाखवा, वीज स्वस्त करून देतो’ म्हणणारा विक्रेता वेगळा. त्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने २०१८ मध्ये हिशेब काढला. अशा खासगी विक्रेत्यांकडे गेलेल्या घरगुती ग्राहकांनी जुलै २०१५ ते जून २०१७ या दोन वर्षांत, आहे तिथेच राहिले असते त्यापेक्षा १७ कोटी ६८ लाख डॉलर जास्त भरले होते. ज्यांना ते परवडत नव्हतं असे गरीब घरातले लोक त्यात जास्त सापडले. शहराच्या योजनेची हवा सुरू झाली की हे विक्रेते ‘आम्ही नगरपालिकेकडूनच आलोय’ म्हणत दारावर येतात. मुलाने कुणालाही बिलावरचा खाते क्रमांक दाखवू नये. शहराला तो दारावर येऊन मागायची गरजच पडत नाही.

आता इंदूर. इथे माझा आवाज थोडा चढेल, तेवढं समजून घ्या.

आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये बिल्डरने एकच कनेक्शन घेऊन ठेवलं होतं. २००३च्या आसपासचे दिवस. तेव्हा मध्य प्रदेशात लाईट किती जायचे ते तुम्हाला सांगायला नको, त्यावर तर निवडणूक झाली. मी त्या समितीची खजिनदार. दर महिन्याच्या दोन तारखेला वॉचमन मीटरच्या खोलीतून पेन्सिलीने रीडिंग लिहून आणायचा आणि मी जुन्या कॅलेंडरची पानं चार तुकड्यांत कापून मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येकाची चिठ्ठी लिहायचे. मोठं बिल भागिले एकूण युनिट. त्यात जनरेटरचं डिझेल, लिफ्ट, पंप मिळवून जो आकडा येईल तो सगळ्यांना सारखा. मला वाटायचं, याहून सरळ हिशेब तो कुठला!

एक दिवस तळमजल्यावरच्या काकू आल्या. एकट्या राहायच्या. एक पंखा, एक ट्यूबलाईट, छोटा फ्रिज. हातात माझी चिठ्ठी, ६४ युनिटांची, आणि दुसऱ्या हातात रामबागेत राहणाऱ्या बहिणीचं मंडळाचं बिल, तेही साठ-पासष्ट युनिटांचंच. दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, “तिला इतके कमी कसे गं?” कमी वीज वापरणाऱ्याला कमी दर हे जे टप्प्यांचं गणित आहे, ते आमच्या सरळ हिशेबात पार पुसलं गेलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या दोन-दोन एसींचा भार त्या पंख्यावर बसत होता. काकूंना मी काही उत्तर देऊ शकले नाही.

त्याच वर्षी, गच्चीच्या गळतीवरून मेंटेनन्स अडवणाऱ्या एका घराचा फ्यूज समितीने काढला. ठरावावर माझी सही होती. त्यांचा मुलगा दहावीला. रात्री मी दूध घ्यायला खाली उतरले, तर तो जिन्याच्या दिव्याखाली पायरीवर पुस्तक घेऊन बसला होता. जिन्याचा दिवा सामायिक होता, त्याच्या वडिलांच्याही पैशांचा. मी तिथून परत वर गेले आणि दुसऱ्या दिवशी फ्यूज लावून घेतला. वेगळे मीटर मिळायला त्यानंतर तीन वर्षं लागली. बिल्डरची केबल जुनी, ट्रान्सफॉर्मर त्याच्या नावावर, प्रत्येक कागदासाठी हेलपाटे. तुमच्याकडे आज सगळ्यांचे मीटर वेगळे आहेत, ताई. हातातलं सोडू नका.

नियम आता पुष्कळ सुधारले आहेत, तेही सांगायला हवं. केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम २०२० मध्ये केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांत दुरुस्ती केली. एकच कनेक्शन की वेगवेगळी, हे रहिवाशांच्या बहुमताने ठरावं आणि ते मतदान वीज कंपनीने पारदर्शकपणे घ्यावं, असं त्यात आहे. म्हणजे सेक्रेटरींनी चहा-बिस्किटांच्या सभेत हात मोजून भागत नाही. घरातली वीज, जनरेटरची वीज आणि लिफ्ट-पंपाची वीज यांचे हिशेब वेगळे ठेवायचे, असंही लिहिलं आहे. तुमच्या सेक्रेटरींना मुद्दाम ऐकवावी अशी गोष्ट म्हणजे, एका कनेक्शनमधून वीज घेणाऱ्या आणि स्वतःच्या मीटरवर घेणाऱ्या घरांच्या दरात समानता असावी, असं त्याच दुरुस्तीत म्हटलं आहे. मग घाऊक भावाची बचत येणार कुठून? ती त्यांनी लेखी दाखवावी, आणि १५० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला पहिली १०० युनिटं १०० रुपयांत देणारी राज्य सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेची सवलत एका कनेक्शनमध्ये प्रत्येक घरापर्यंत कशी पोहोचणार, हेही लिहून द्यावं.

हिशेब नियमाने वेगळा झाला तरी स्विच समितीच्याच खोलीत राहतो. शिवाय मोठं बिल एकच. दहा घरांनी पैसे थकवले तर कंपनीची नोटीस उरलेल्या चौऱ्याहत्तर घरांच्याही दारात येते. मुलाच्या शहरात शेजाऱ्याने बिल थकवलं म्हणून मुलाच्या घरी अंधार होत नाही.

कुणी ‘ओपन अ‍ॅक्सेस’ हा शब्द सभेत टाकला तर भांबावून जाऊ नका. २००३च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकाला बाहेरून वीज घेण्याची सोय दिली. त्यासाठी मागणीची किमान मर्यादा एक मेगावॉट होती. हरित ऊर्जेसाठी २०२२ मध्ये ती १०० किलोवॉटवर आणली. ८४ फ्लॅट एका कनेक्शनखाली आले की तुम्ही त्या मर्यादेच्या वर जाता, म्हणून विकणारे तुमच्या दारापर्यंत येतील. बाहेरच्या विजेवर तारांचं भाडं आणि निरनिराळे अधिभार बसतात. विजेचा दर सांगणारा माणूस ते सगळं मिळवून सांगत नसेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तुम्ही पत्राच्या शेवटी, आपलं नगर निगम असं का करत नाही, असं हळूच विचारलं आहे. तिकडे १९९७ मध्ये तार आणि वीज वेगळी झाली, इकडे घरगुती ग्राहकासाठी ती एकाच परवान्यात बांधलेली आहेत. निगमाला घरोघरी वीज द्यायची तर स्वतःचा वितरण परवाना लागेल. मुंबईत बेस्टकडे तो आहे, केरळात त्रिशूरच्या महापालिकेकडे आहे. इंदूरने वेगळा रस्ता धरला. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर घाट चढवून आणायला प्रचंड वीज लागते. त्यासाठी जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला निगमाने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित कर्जरोखे काढले, आणि ते तुमच्या-माझ्यासारख्यांनाही घेता येत होते. मला हे मनापासून आवडलं. शहराने आधी स्वतःच्या बिलाला हात घातला, लोकांच्या मीटरला नाही.

तुमच्या बिल्डिंगने हेच करावं. लिफ्ट, पंप, जिना यांचं जे सामायिक मीटर आहे त्यावर गच्चीत सौर पॅनेल लावा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत रहवासी संघांना सामायिक सोयींसाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. सेक्रेटरींचा उत्साह वाया जायला नको. त्यांनाच त्या कामाचे प्रमुख करा, गच्चीची मापं घ्यायला लावा, तीन ठिकाणचे भाव मागवायला लावा. ते माणूस म्हणून वाईट आहेत असं तुमच्या पत्रातून कुठेच वाटलं नाही. मीही त्या खुर्चीत बसले होते.

सभा कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. रविवारी असेल तर शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे सगळ्यात कमी बिल ज्यांचं येतं त्यांच्या घरी जा. कोण ते तुम्हाला ठाऊक असेलच. त्यांचं बिल मागून घ्या आणि सभेला जाताना पर्समध्ये ठेवा.